काकूंच्या डाव्या हाताला

दाराला नवं कुलूप हवं म्हणून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चावीकाका पहिला प्रश्न एकच विचारत. “डावीकडे उघडतं म्हणता ना दार? पण ते आत उभं राहून, की बाहेर?” गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. डावं म्हणजे डावं, त्यात आत-बाहेर काय आलं? मग काका हातातली कानस खाली ठेवत आणि लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगत, की दार तेच असतं, पण आतल्याचं डावं ते बाहेरच्याचं उजवं. हे न विचारता कुलूप विकणारा एक तर नवखा असतो, नाही तर लबाड. पस्तीस वर्षं रोज हे सांगणाऱ्या माणसावर, स्वतःच डावं-उजवं चुकून दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसायची पाळी आली. आता सगळे हे हसत सांगतात. तेव्हा घरात कुणालाही हसू येत नव्हतं.

काकांचे डोळे चार वर्षांत गेले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. आता उजेड आणि अंधार एवढं कळे, आणि उजेडात कुणी समोर येऊन उभं राहिलं तर त्याची सावली. कामाचं मात्र फारसं अडलं नाही. कुलपाच्या पोटात काय बिघडलंय ते डोळ्यांना तसंही दिसत नसतं, ते बोटांनाच कळतं. काका आत सळई घालून एकेक खटका चाचपत आणि म्हणत, “तिसरा रुसलाय.” उघडून बघितलं तर तिसराच अडकलेला असे. शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला म्हणायचा, “काका, तुमचं असंच चालू राहिलं तर लोक माझ्याकडे यायचे बंद होतील.”

दुकानात काकू त्यांच्या समोर बसत. मध्ये लाकडी बाक, त्याच्या या बाजूला काका आणि त्या बाजूला काकू, अशी बसायची जागा लग्नानंतर सहा महिन्यांत ठरली ती कायमचीच. काका घासत, कापत, खोलत. काकू गिऱ्हाइकाशी बोलत, चाव्यांना चिठ्ठ्या बांधत, आकड्याला अडकवत आणि मागितलेलं अवजार कुठे आहे ते सांगत, नाही तर दोन बोटांनी पुढे सरकवत. डोळे गेल्यावर एवढाच फरक झाला, की आता त्या कुठे काय ठेवलंय ते प्रत्येक वेळी बोलून दाखवत. बोलणं तर आधीही चालूच असे, त्यामुळे तो फरकही कुणाच्या लक्षात आला नाही.

अडचण होती ती रस्त्याची. जुनी बाजारपेठ पाडली आणि सगळ्या दुकानांना पोस्टापलीकडच्या नव्या इमारतीत गाळे मिळाले. तोवर काकांची नजर गेलेली. म्हणजे तो रस्ता त्यांनी आयुष्यात कधी बघितलाच नव्हता. काकूंच्या दंडाला धरून ते जात आणि दंडाला धरूनच परत येत. वाटभर काकू कुणाची मुलगी काय शिकते आणि कुणाच्या घरात काय गळतं ते सांगत असत. दंड जिकडे वळे तिकडे काका वळत. त्यातून रस्ता खणून ठेवलेला. आज या फुटपाथने जायचं, उद्या त्या, परवा तिसऱ्याच गल्लीतून. तो रस्ता काकूंच्या पायांना पाठ होता, आणि नेमके तेच पाय आता साथ देईनासे झाले होते.

दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. ऑपरेशनची तारीख काकूंनी दोनदा घेतली आणि दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा कारण तेच. “मी आडवी पडले तर यांना दुकानात कोण नेणार?” लेक हॉस्पिटलात औषधांच्या विभागात कामाला होती, तिची ड्यूटी सकाळी सातची. तिसरी तारीख मिळाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की आणखी वर्ष घालवलंत तर चालणं कायमचं सुटेल.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांचं वाजलं.

“दुकान बंद करतो,” काका म्हणाले. “पस्तीस वर्षं पुष्कळ झाली.”

“काही नको. मी तारीख पुढे ढकलते.”

“अगं, पाय जातील तुझे!”

“आणि तुमचं काय जाईल? घरात बसून तुम्ही आठ दिवसांत घरातली सगळी कुलपं खोलून ठेवाल आणि पंधराव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसाल. मला माहीत नाही का?”

ते खरं होतं. लेकीने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ती पट्टेवालीला घेऊन आली.

पट्टेवाली म्हणजे अंधांना चालायला शिकवणाऱ्या केंद्रातली शिक्षिका. तिचं हे नाव काकांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, कारण तिने आल्या आल्या त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. पट्ट्यात आठ ठिकाणी छोटी यंत्रं होती. समोर खांब आला की पोटावर थरथर, बाजूने सायकल आली की कुशीत थरथर, जितकं जवळ तितकी जोरात. डोळ्यांवर साध्या चष्म्यासारखा चष्मा, त्यात कॅमेरा. आणि कानामागे एक वाटाण्याएवढी गोळी, तिच्यातून आवाज येई आणि कुठे वळायचं ते सांगे. पट्टा धोका दाखवणार आणि आवाज वाट दाखवणार, अशी वाटणी.

पट्टा काकांना पहिल्या दिवसापासून जमला. बोटांऐवजी पोटाने चाचपायचं, एवढंच. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात ते खुर्च्यांच्या मधून असे चालले, की पट्टेवालीने टाळी वाजवली. पाठीमागून कुणी आलं की कमरेला कळे. पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटतं, असं ते घरी येऊन सांगू लागले. एकदा तर स्वयंपाकघरात मागून दबकत आलेल्या काकूंना त्यांनी वळून न बघता “का गं?” म्हटलं, आणि काकूंच्या हातून डबा पडला.

कटकट होती ती आवाजाची. “कृपया डावीकडे वळावे. कृपया पुढे पायरी आहे याची नोंद घ्यावी.”

“ही बाई बँकेत असणार,” काका म्हणाले. “नोंद घेईपर्यंत मी पायरीवरून खाली.”

“घरातल्या माणसाचा आवाज घालता येतो,” पट्टेवाली म्हणाली. “मोजकेच शब्द लागतात. बऱ्याच जणांना ते बरं पडतं.”

घरातला आवाज म्हणजे कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. काकूंनी त्या दिवशी केस नीट विंचरले, जणू फोटोच काढायचा होता. जेवणाच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत, काकांच्या समोर बसून त्यांनी एकेक शब्द म्हटला. डावीकडे. उजवीकडे. सरळ. मागे वळा. पायरी. पोचलात. “थांबा” हा शब्द पाच वेळा घ्यावा लागला, कारण चार वेळा तो पाय धुतल्याशिवाय आत येणाऱ्या माणसाला म्हटल्यासारखा आला.

मग प्रत्यक्ष रस्ता. ऑपरेशनला बारा दिवस होते. नियम असा की काकांनी एकट्याने चालायचं आणि लेकीने वीस पावलं मागून यायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, जीवावर बेतलं तरच पुढे व्हायचं. तेवढ्या दिवसांपुरती लेकीने दुपारची ड्यूटी मागून घेतली होती. काका निघाले. फाटक, शाळेची भिंत, खणलेल्या रस्त्याचा वास. कोपऱ्यावर कानात बायको म्हणाली, “डावीकडे,” आणि काका ऐटीत वळले. पुढे दहा मिनिटं ते वळत राहिले, ती सांगत राहिली, तिच्या आवाजात घाई नाही, राग नाही, म्हणून यांचाही पाय चाचरला नाही. शेवटी एक काचेचं दार आलं. आत थंडगार हवा. कुणीतरी म्हणालं, “बसा, नंबर आला की हाक मारते.” काकांना वाटलं, नव्या इमारतीत आता हेही सुरू झालं असेल. ते बसले.

शेजारचा माणूस कण्हत म्हणाला, “खालचा की वरचा?”

“काय खालचा?”

“दात हो.”

लेक दारात उभी राहून हसत होती, पण घरी जाईपर्यंत तिचं हसू मावळलं. तिने मागून सगळं बघितलं होतं. बाबा चुकून वळले नव्हते. ते पूर्ण विश्वासाने, ठामपणे चुकीच्या दिशेने गेले होते.

दुसऱ्या वेळी त्यांचा शेवट बस-आगाराच्या मागच्या कुंपणाशी झाला. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावर वळण घेताना ते फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरले. पट्टा पोटावर जिवाच्या आकांताने थरथरला, काका जागच्या जागी थिजले, त्यांना चुकवताना एक सायकलवाली पडली आणि तिचं कोपर सोलवटलं. ती बिचारी उलट काकांनाच “लागलं नाही ना?” विचारत होती. लेकीने धावत येऊन बाबांचा हात धरला. नियम मोडला होता, आणि पुन्हा पाळायचा असं कुणाच्या मनातही नव्हतं.

घरी आल्यावर लेक आईला हळू आवाजात म्हणाली, “आई, बाबांना डावं-उजवं कळत नाहीये.”

हळू बोललं की काकांना ऐकू येत नाही, असा घरातल्यांचा एक गैरसमज होता. काकांनी ऐकलं. पुढचंही ऐकलं. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

तेव्हा काकांची पाचावर धारण बसली. डोळे गेले तेव्हा ते इतके घाबरले नव्हते. त्यांच्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी वाट चुकायला लागले, मग खोल्या, मग माणसं. एकदा त्यांनी काकांनाच विचारलं होतं, “तुम्ही कुणाकडे आलात?” डोळ्यांशिवाय जगता येतं, हे काकांनी चार वर्षांत सिद्ध केलं होतं. पण डोकंच गेलं तर बोटांना कोण सांगणार की तिसरा खटका रुसलाय?

दुपारी घरात कुणी नसताना ते खुर्चीत बसून स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. उजव्या हाताने डावा कान धरला. बरोबर. डाव्या हाताने उजवा गुडघा. बरोबर. कपाटाच्या चावीचे दात मनातल्या मनात म्हटले, खोल, उथळ, उथळ, खोल, मधला. बरोबर. मग रस्त्यावर काय होतं? घरात शहाणा आणि रस्त्यावर वेडा, असा कुठला आजार असतो? त्यांना काही सुचेना, आणि सुचेना म्हणूनच भीती वाढली.

काकूंनी त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात फोन करायला घेतला.

“कुणाला करतेस?” काका म्हणाले.

“तारीख पुढे ढकलते.”

“ठेव तो फोन.”

“अहो...”

“ठेव म्हणतो ना!” काका इतक्या वर्षांत काकूंवर असे कधी ओरडले नव्हते. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माझं जे व्हायचं ते होईल. तुझे पाय तरी धड राहू देत. पुढे तुलाच मला सांभाळायचंय.” काकूंनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. काकांना ते दिसलं नाही, पण कळलं.

शनिवारी पट्टेवाली दुकानात आली. यंत्रात सगळ्या चालण्याची नोंद राहते, ती तिने केंद्रात बसून बघितली होती. लेकही अर्ध्या दिवसाची सुट्टी असल्याने तिथेच होती. पट्टेवाली स्टुलावर बसली आणि तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला.

“काका, तीन दिवसांत यंत्राने तुम्हाला एकोणीस वळणं सांगितली. तुम्ही किती बरोबर घेतलीत, अंदाज करा.”

“पाचसहा,” काका खालमानेने म्हणाले.

“एकही नाही.”

लेकीने हातातली पर्स घट्ट धरली. काकूंनी चिठ्ठीला गाठ मारायची थांबवली.

“आणि म्हणूनच मी आले,” पट्टेवाली म्हणाली. “गोंधळलेला माणूस निम्म्या वेळा तरी बरोबर वळतो हो. नुसतं नशिबाने. तुम्ही एकोणीसच्या एकोणीस वेळा उलटे वळलात. इतकं अचूक चुकायला डोकं शाबूत लागतं.”

काकांनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत थोडी हवा गेली. “मग?”

“मग यंत्रच उलटं असणार.” तिने पट्टा उलटापालटा केला, चष्मा तपासला, गोळी स्वतःच्या कानाला लावून दुकानाबाहेर चार फेऱ्या मारल्या. यंत्र सांगतंय डावीकडे, तेव्हा वळण डावीकडेच होतं. यंत्रात काही खोट नव्हती. ती परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा पडला होता, आणि काकांच्या छातीतली हवा पुन्हा निघून गेली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. घाईत होती बाई, तिची पेटी उघडत नव्हती. काका कामाला लागले, कारण पेटीला काकांच्या डोक्याशी काही देणंघेणं नव्हतं. सळई आत गेली, बोटं ऐकू लागली. “दुसरा वाकलाय. कानस दे गं, चपटी.”

“तिथेच आहे, डावीकडे,” काकू म्हणाल्या. त्या चिठ्ठीवर काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. काकांनी उजवा हात लांब केला आणि बाकाच्या उजव्या कडेची कानस उचलली. एका झटक्यात, जराही न चाचपता.

पट्टेवाली स्टुलावरून उठली.

“काका, काकूंनी काय सांगितलं?”

“कधी?”

“आत्ता. कानस कुठे आहे म्हणाल्या?”

“डावीकडे.”

“आणि तुम्ही कुठून उचललीत?”

“उजवीकडून.” काकांना या पोरीच्या प्रश्नाचा अर्थच लागेना. “तिच्या डावीकडे म्हणाली ना ती. ती समोर बसते. तिचं डावं ते माझं...”

आणि काका थांबले. हातातली कानस तशीच हवेत राहिली.

बाहेर कुणाचं तरी शटर वर गेलं. लेकीने तोंडावर हात ठेवला. काकू एकदा आपल्या डाव्या हाताकडे बघत होत्या आणि एकदा नवऱ्याच्या उजव्या हातातल्या कानसेकडे, जणू दोन्ही वस्तू आजच दुकानात आल्या होत्या.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या.

पस्तीस वर्षं त्या समोर बसून आपल्या बाजूने डावं-उजवं सांगत होत्या, आणि पस्तीस वर्षं काका ते मनातल्या मनात उलटं करून घेत होते. दुकानात बाकापलीकडून, घरी जेवणाच्या टेबलापलीकडून. कधी कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. बँकेतल्या बाईने डावीकडे म्हटलं की काका डावीकडे वळत. पण तेच काकूंच्या आवाजात ऐकलं, की त्यांचा पाय विचार न करता उजवीकडे पडे. आणि तो आवाज यंत्रात गेला त्याच दिवशी ते व्हरांड्यातून रस्त्यावर आले, म्हणून सगळ्यांनी रस्त्याला दोष दिला, गोंगाटाला दिला, डोक्याला दिला. बायकोच्या आवाजाला द्यायचं कुणाला सुचलं नाही.

काका हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्ची हलेपर्यंत. हसता हसता त्यांच्या निकामी डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. “डोकं शाबूत आहे माझं!” ते ओरडले. “अगं, शाबूत आहे!” चष्मेवाला काय झालं म्हणून धावत आला. पेटीवाली बाई घाईत आहे हे विसरून गेली. लेकीने बाबांच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायलाच लागली, कारण गेले तीन दिवस तिने ते रडणं कामावर जाताना आणि येताना धरून ठेवलं होतं.

एकट्या काकू हसत नव्हत्या. “म्हणजे इतकी वर्षं मी यांना चुकीचं सांगत होते?”

“नाही गं,” काका म्हणाले. “तू बरोबरच सांगत होतीस. तुझ्या बाजूने.”

“मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“मला तरी कुठे माहीत होतं?”

पट्टेवालीने त्यात आपली भर घातलीच. “गिऱ्हाइकाला रोज विचारता ना काका, आत उभं राहून की बाहेर? एकदा घरीही विचारायचं होतंत.” यावर मात्र काकूही हसल्या.

उपाय पाच मिनिटांचा होता. पट्टेवालीने दोन रस्ते सांगितले. एक तर बँकेतली बाई परत आणायची. नाही तर काकूंनी पुन्हा, यांच्या बाजूने विचार करून, सगळं म्हणायचं.

“दोन्ही नको,” काका म्हणाले. “तिने माझ्या बाजूचं डावं म्हटलं तरी माझा पाय ऐकणार नाही. आता या वयात त्याला नवं कोण शिकवणार? तिचं डावं आहे ना, ते उजव्या वळणाला लावून टाक. आणि उजवं डाव्याला.”

पट्टेवालीने तसं केलं. केंद्राच्या नोंदवहीत काय बदल केला ते लिहावं लागतं. ती पेन धरून बराच वेळ विचार करत बसली आणि शेवटी तिने लिहिलं, “डावे-उजवे पत्नीच्या बाजूने.”

सोमवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ लेकीने स्वतः फोन करून रद्द केली. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “घरातच निदान झालं.” उरलेले दिवस काका रोज चालले. कोपऱ्यावर बायको कानात म्हणे, “उजवीकडे,” आणि ते निर्धास्त डावीकडे वळत. लेक मागून वीस पावलांवर, मग चाळीस पावलांवर, मग पोस्टाशीच थांबलेली. आगाराचं कुंपण नाही, दातांचा डॉक्टर नाही. सहाव्या दिवशी खणलेला फुटपाथ बदलला तेव्हाही ते चुकले नाहीत. काकूंनी मग पुन्हा तारखेचं नाव काढलं नाही. त्यांनी पिशवी भरली.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी काकांनी दुकान उघडलं नाही, हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक रजेवर आणि आईजवळ, म्हणजे मागे कुणी नाही. वीस पावलांवर नाही, पोस्टाशी नाही. काकांनी घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि निघाले.

फाटकापासून कोपऱ्यापर्यंत शाळेची भिंत होती. भिंत संपली की कमरेची उजवी बाजू गप्प होई, ते आता त्यांना पाठ झालं होतं. पलीकडे कुणाची तरी शिडी लावलेली, पट्ट्याने वेळेवर सांगितलं. काका तिला वळसा घालून गेले आणि वरच्या माणसाला “सांभाळून रे” म्हणाले. कानात आवाज येत होता, सरळ, पायरी, उजवीकडे. हॉस्पिटलात ती अजून गुंगीत पडली असेल आणि इथे आपल्याला दुकानात नेतेय, हे मनात येऊन त्यांना वाटेतच भडभडून आलं. पण त्यांनी कान रहदारीकडे लावले, कारण रस्ता ओलांडायचा होता. मग नव्या इमारतीचा गुळगुळीत दगड पायाला लागला. एक गाळा, दोन, तीन.

“पोचलात,” काकू म्हणाल्या.

चष्मेवाल्याने बघितलं आणि आपलं स्टूल वाटेतून आत ओढून घेतलं. काकांनी शटर उघडलं, बाकाशी बसले, समोरची रिकामी खुर्ची हाताने चाचपून बघितली, आणि मग लेकीच्या फोनवर फोन लावला.

“आईला दे.”

“अहो,” काकूंचा आवाज कोरडा आणि बारीक होता. “पोचलात?”

“पोचलो.”

“कुणी धरून आणलं? खरं सांगा.”

“तूच आणलंस. दुसरं कोण?”

काकूंच्या श्वासावरून काकांना कळलं, की त्यांचा जीव भांड्यात पडला. पलीकडून एक तरुण बाई बोलत होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करायला आलेली. “चला मावशी, फोन ठेवा बरं मुलीकडे. वॉकर घट्ट धरा. मी तुमच्यासमोर उभी आहे, माझ्याकडे बघा. घाबरायचं नाही. हं, आता डावा पाय पुढे.”

मग काकूंचा आवाज आला, अगदी गंभीर.

“तुमचा डावा, की माझा?”

दुकानात एकटेच बसलेले काका इतक्या मोठ्याने हसले, की चष्मेवाला पुन्हा धावत आला. काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि फोन कानाशी दाबून धरला. पलीकडे लेक हसत होती, ती बाई विचारत होती की यात हसण्यासारखं काय आहे, आणि त्या सगळ्यातून वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज येत होता. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. काकांनी चार पावलं मोजली, आणि मगच फोन खाली ठेवला.